कॅरॅव्हॅनचं दार लागत नाही? कुलूप मागवण्याआधी हे वाचा

माझ्या कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, दाराला मी पहिल्यांदा नवं कुलूप बसवलं ते उगाचच. जुन्याचं हँडल ओढलं तरी दार सुटायचं नाही. आधी खांद्याने दाबायचं, मग ‘टक्’ असा आवाज होऊन उघडायचं. कुलूप म्हातारं झालं असं मीच ठरवलं, नवं मागवलं, अर्धा दिवस घालवून बसवलं, दार लावून बघितलं, तर पुन्हा तेच. खांदा आणि टक्. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मागच्या एका कोपऱ्यातला टेकूचा पाय मी जास्तच आवळला होता. त्याने गाडीचं अंग पिळलं गेलं, दाराची चौकट काटकोनातून हलली आणि लॅचची (दाराच्या खटक्याची) जीभ चौकटीवरच्या पट्टीत घट्ट अडकून बसली. पाय दीड फेरा सैल केला, तर दार एका बोटाने उघडलं. जुन्या कुलपानेही तसंच उघडलं असतं.

म्हणून या लेखात कुलूप बदलण्याची पायरी बरीच उशिरा येते. घाई असली तरी मधल्या पायऱ्या गाळू नका. त्यातल्याच एखाद्या पायरीवर तुमचं काम होऊन जाण्याची शक्यता बरीच आहे.

घराचं दार आणि कॅरॅव्हॅनचं दार यांत एक मोठा फरक आहे, तो आधी समजून घ्या. घराचं दार भरीव लाकडाचं असतं, भिंत हलत नाही. कॅरॅव्हॅनचं दार म्हणजे बहुतेक वेळा सँडविच असतं: बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, आत फोम, आणि आतल्या बाजूला पातळ प्लाय किंवा प्लास्टिकचा पापुद्रा. स्क्रूला धरायला जेमतेम कडेची चौकट असते. शिवाय ही भिंत चाकांवर आहे, प्रत्येक खड्ड्यात थोडी थोडी हलते. कुलपाचं निम्मं दुखणं या हलण्यातून येतं, उरलेलं पाणी आणि धुळीतून.

पुढे काही शब्द वारंवार येतील. हँडल फिरवल्यावर आत-बाहेर होणारा तिरक्या तोंडाचा तुकडा म्हणजे जीभ. ती जिच्यात अडकते ती चौकटीवरची धातूची पट्टी म्हणजे स्ट्रायकर. किल्ली ज्यात जाते ते गोल नळकांडं म्हणजे बॅरल. दोन्ही बाजूंच्या हँडलना जोडणारी चौकोनी सळई म्हणजे स्पिंडल. काही दारांना जिभेशिवाय वेगळा डेडबोल्ट, म्हणजे किल्लीने सरकणारा भरीव अडसर, असतो, काहींना वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी धरणारं थ्री-पॉइंट कुलूप असतं. दार आडवं दोन भागांत उघडणारं असेल तर त्या दोन फळ्यांना जोडणारी छोटी कडी वेगळीच, आणि दोष बरेचदा तिच्यातच निघतो.

१. गाडी समतल करा, मग दाराकडे बघा

पाणसळ घ्या. कॅरॅव्हॅनच्या आत जमिनीवर, दाराच्या जवळ, आधी लांबीत आणि मग रुंदीत ठेवा. रुंदीतली पातळी चाकाखाली रॅम्प घालून साधायची, लांबीतली पुढच्या जॉकी चाकाने, म्हणजे जोडदांड्याखालच्या वर-खाली होणाऱ्या छोट्या चाकाने. कोपऱ्यांतले पाय सर्वांत शेवटी, आणि तेही फक्त जमिनीला घट्ट टेकतील इतकेच. ते गाडी स्थिर ठेवायला असतात, उचलायला नव्हे. त्यांनी गाडी उचलायला गेलात तर माझ्यासारखं होतं.

आता दार अर्धवट लावा आणि चौकटीभोवतीची फट बघा. लॅचच्या बाजूची फट वर आणि खाली सारखी दिसायला हवी. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर एकतर चौकट पिळलेली आहे किंवा दार बिजागरीवर लोंबलंय. कोणतं ते ओळखायला दार उघडा, मोकळी कड दोन्ही हातांनी धरून हलकेच वर उचला. बिजागरीत खडखड जाणवली तर गुन्हेगार बिजागरी. स्क्रू आवळा, पिन झिजली असेल तर बिजागरी बदला. स्क्रूचे आटेच गेले असतील, म्हणजे स्क्रू नुसता फिरतोय आणि धरत नाही, तर एक नंबर जाड स्क्रू किंवा आतून आधाराची पट्टी लागेल. लाकडाचा सांगाडा असेल तर भोकात गोंद लावलेली लाकडी काडी ठोकून पुन्हा स्क्रू बसवता येतो.

रबराची पट्टीही बघून घ्या. नवीन, जाड सील बसवल्यावर ‘कुलूप बिघडलं’ असं वाटणं अगदी नेहमीचं आहे. रबर दाराला बाहेर ढकलतं, जीभ पट्टीवर दाबून बसते आणि हँडल जड होतं.

२. जीभ कुठे टेकते ते डोळ्यांनी बघा

या पायरीला पाच मिनिटं लागतात.

स्ट्रायकर पुसून घ्या आणि त्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. जिभेच्या टोकाला लिपस्टिक किंवा खडूचा ओला लेप लावा. दार हळू लावा, हँडल न ओढता पुन्हा थोडं दाबा, मग उघडा. टेपवर डाग पडलेला असेल. तो पट्टीच्या खाचेच्या खाली असेल तर दार खाली बसलंय किंवा पट्टी वर गेलीये. डाग खाचेच्या बाहेरच्या कडेला ओरखड्यासारखा असेल तर दार पुरेसं आत जात नाहीये. डाग नेमका मध्ये असूनही दार लागत नसेल तरच कुलपाकडे वळायचं.

माझ्या दाराच्या पट्टीवर आधीपासूनच एक चकचकीत ओरखडा होता, खाचेच्या खालच्या कडेला, नखभर लांब. त्याच्याभोवती काळपट धूळ आणि मध्ये ती पांढरी रेघ. महिनोन्‌महिने जीभ तिथे घासत होती आणि मी रोज त्याच दारातून आत-बाहेर करत होतो. कुलूप मागवण्याआधी एकदा वाकून बघितलं असतं तर पुरे होतं.

बहुतेक पट्ट्यांची भोकं लांबट असतात, म्हणजे स्क्रू सैल करून पट्टी एक-दोन मि.मी. सरकवता येते. पेन्सिलने जुन्या जागेची रेघ आखा, मग सरकवा. एका वेळी अर्धा मि.मी. पुरे. थ्री-पॉइंट कुलूप असेल तर मधली पट्टी आधी जुळवा आणि वरच्या-खालच्या सळ्या नंतर. तिन्ही एकदम हलवल्या तर कशामुळे काय सुधारलं हेच कळत नाही. पट्टी कानसीने घासून खाच मोठी करण्याचा मोह होईल. तो आवरा. मोठी झालेली खाच पुन्हा लहान होत नाही आणि प्रवासात दार खडखडायला लागतं.

३. धुवा, वाळवा, वंगण द्या

कुलूप जड फिरतंय पण फिरतंय, अशा वेळी नवं आणण्याआधी साफ करून बघा. दाबाखालच्या हवेच्या डब्याने बॅरलमधली धूळ उडवा. मग कोरडं पीटीएफई (टेफ्लॉनचं) वंगण थोडंसं मारा, किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, दर वेळी किल्ली फडक्याला पुसा. फडक्यावरची काळी घाण कमी होत जाते, तिथे थांबा.

स्वयंपाकाचं किंवा यंत्राचं तेल बॅरलमध्ये अजिबात नको. पहिले दोन दिवस कुलूप लोण्यासारखं फिरतं, नंतर त्याच तेलात रस्त्यावरची धूळ बसून त्याची खळ होते. डब्ल्यूडी-४० बद्दलही हेच: नावातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं. जाम झालेला भाग सोडवायला ते छान आहे, पण बराच काळ टिकणारं वंगण म्हणून त्यावर विसंबू नका. ग्राफाइटची भुकटीही चालते, मात्र आधी तेल पडलेल्या कुलपात घातली तर काळा चिखल होतो.

जिभेला आणि पट्टीला मात्र ग्रीसचा पातळ हात चालतो. अगदी पातळ. आत जाताना प्रत्येकाच्या बाहीला लागेल इतकं नको.

४. काय काय जमवायचं

एवढं करूनही हँडल लुळं पडलंय, जीभ परत येत नाही, किंवा कुलपाच्या पोटातून काहीतरी तुटल्याचा आवाज येतोय, तर कुलूप उघडावं लागणार. हत्यारं हाताशी ठेवूनच सुरुवात करा, कारण मध्ये दार उघडं टाकून कुठे जाता येत नाही.

चपटा आणि फुली, दोन्ही तोंडांचे स्क्रूड्रायव्हर, तेही दोन-दोन मापांचे, ॲलन की, नोज प्लायर, छोटी चपटी आणि छोटी गोल कानस, ड्रिल आणि ३.२, ४ व ४.८ मि.मी.च्या रिव्हेटना चालतील असे बिट, रिव्हेट गन, मोजायला टेप, आणि जमलं तर बारीक मापं घेणारा व्हर्नियर. भोक मोठं करायचं असेल तर धातूचं बारीक दात्याचं पातं लावलेला जिगसॉ. मास्किंग टेप, ब्यूटाइल टेप (पाणी रोखणारी चिकट रबरी पट्टी), फडकी, हातमोजे, गॉगल. कापलेल्या ॲल्युमिनियमची कड ब्लेडसारखी असते. हातमोजे मी यादीत शेवटी लिहिलेत, पण घालायचे सर्वांत आधी.

आणि एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. तिचं काम पुढच्या पायरीत कळेल.

कागदपत्रंही लागतात, विशेषतः किल्ली क्रमांकावरून बनवून घ्यायची असेल किंवा कुलूपवाल्याला बोलवायचं असेल तेव्हा: गाडीच्या मालकीचा कागद, चासी क्रमांक, तुमचं ओळखपत्र, आणि किल्लीवरचा किंवा बॅरलच्या तोंडावरचा क्रमांक. चांगला कारागीर कागद मागतोच, आणि न मागणाऱ्यापासून जरा जपून. चोरीच्या प्रयत्नात कुलूप मोडलं असेल तर हात लावण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. नव्या कुलपाची पावती पॉलिसीसोबत ठेवून द्या.

५. जुनं कुलूप काढताना

पहिलं काम: दार पूर्ण उघडं करून बाहेरच्या भिंतीवरच्या क्लिपमध्ये अडकवा, वर दोरीनेही बांधा. वाऱ्याच्या एका झोताने दार लागलं आणि स्पिंडल तुमच्या हातात राहिली, तर ते उघडायला भलताच खटाटोप करावा लागेल.

स्क्रू बहुधा आतल्या बाजूने असतात. दिसत नसतील तर हँडलखालची प्लास्टिकची टोपी हलकेच उचकटा, बरेचदा तिच्यामागे लपवलेले असतात. सगळे स्क्रू एकदम काढू नका. शेवटचा काढताना बाहेरचं हँडल दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर ते पत्र्यावर ओरखडा काढत खाली पडतं. कुलपाची पेटी मग दाराच्या कडेकडून बाहेर येते. चिकटली असेल तर जुनं सीलंट पातळ पात्याने कापा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलंत तर पातळ पत्र्याला कायमचा पोचा पडतो.

कुठे रिव्हेट असतील तर रिव्हेटच्या मापाचाच बिट घेऊन फक्त डोकं उडवायचं, मग उरलेला दांडा आत ढकलायचा. रिव्हेट बिटासोबत गरगर फिरायला लागला तर ड्रिलिंग थांबवा आणि डोकं पक्कडीने धरा. तसंच दाबत राहिलात तर भोक अंडाकृती होतं.

कुलूप उघडायचं असेल तर ते पारदर्शक पिशवीत ठेवून, हात पिशवीत घालून उघडा. आत ताणलेली स्प्रिंग असते. ती उडते आणि गवतात गेली की गेली. प्रत्येक थराचा फोटो काढा. ‘लक्षात राहील’ असं मीही म्हणालो होतो.

आत काय दिसेल? बहुतेक पेट्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. हा धातू लोखंडासारखा गंजत नाही, पण चिरतो आणि एके दिवशी टचकन तुटतो. त्याला घरगुती वेल्डिंग होत नाही, चिकटपट्टीचे उपायही टिकत नाहीत. तो भाग तुटला तर पेटी बदलायचीच. नुसती परतीची स्प्रिंग तुटली असेल, तर त्याच जाडीची आणि तेवढ्याच वेढ्यांची स्प्रिंग मिळवून बसवा. अख्खं कुलूप वाचतं.

कुलूप बाहेर आलंच आहे तर भोकाच्या आतली कड बोटाने दाबून बघा. लाकूड कोरडं आणि टणक हवं. मऊ, काळपट, भिजलेल्या बिस्किटासारखं लागलं तर पाणी आत शिरतंय. ते आधी वाळवा. कुजलेला भाग खरवडून काढा, इपॉक्सी भरा आणि पूर्ण कडक होऊ द्या. ओल्या लाकडात आवळलेलं नवं कुलूप पुढच्या मोसमात सैल होणार.

६. मापं, आणि कुठे फसतात

नुसता फोटो दाखवून कुलूप मागवू नका. बाहेरून सारखी दिसणारी दोन कुलपं आतून वेगळी असतात. ही मापं लिहून ठेवा: दाराची जाडी, दारातल्या भोकाची लांबी-रुंदी, दाराच्या कडेपासून किल्लीच्या मध्यापर्यंतचं अंतर, याला बॅकसेट म्हणतात, स्पिंडलच्या चौकोनाची बाजू, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, आणि जीभ किती मि.मी. बाहेर येते.

बॅकसेट चुकला तर काहीही जुळत नाही. तीन-चार मि.मी.चा फरक ‘भागवून घेऊ’ म्हणून कानशीने घासत बसू नका, कुलूप परत करा.

मग डावं-उजवं. बरीच कुलपं एकाच बाजूच्या दारासाठी बनवलेली असतात, आणि ‘डावं दार’ म्हणजे काय हे प्रत्येक विक्रेत्याच्या मनात वेगळं असतं. त्यामुळे नुसतं डावं किंवा उजवं म्हणू नका. पूर्ण वाक्य लिहा: ‘मी बाहेर उभा राहून दाराकडे बघतोय, बिजागऱ्या माझ्या डाव्या हाताला आहेत, दार माझ्याकडे उघडतं.’ यात गैरसमजाला जागा उरत नाही.

काही कुलपांत जीभ उलटी बसवता येते. जिभेचं तिरकं तोंड दार लागताना पट्टीला आधी भिडायला हवं, म्हणजे ती आपोआप आत जाते आणि मग खाचेत उडी मारते. सपाट तोंड पुढे आलं तर दार पट्टीवर आपटून परत येतं. नवं कुलूप ‘खराब निघालं’ म्हणून परत पाठवण्याआधी हे तपासा.

नव्या कुलपासोबत वेगळी किल्ली येते. गाडीत आधीच पाण्याच्या झाकणाची, गॅसच्या कप्प्याची, बाहेरच्या कपाटांची अशी झुबकाभर किल्ल्या असतील. काही कंपन्यांच्या कुलपांत बॅरल वेगळं काढता येतं, त्यामुळे जुनं बॅरल नव्या पेटीत बसवून एकाच किल्लीवर सगळं चालवता येतं. हे मागवण्याआधी विचारा.

७. बसवणं

आधी कोरडी जुळणी करा, म्हणजे सीलंट न लावता पेटी भोकात घालून बघा. अडत असेल तर कुठे अडतं ते मार्करने खुणा करून कानशीने थोडं थोडं घासा. भोक खरंच मोठं करायचं असेल तर बाहेरच्या पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावा, त्यावर रेघ आखा आणि जिगसॉ रेघेच्या आतून चालवा. शेवटचा मि.मी. कानशीचा. पडलेला धातूचा कीस ब्रशने लगेच झाडा. तो कुलपात गेला तर वाळूसारखा घासतो.

बाहेरच्या पट्टीमागे ब्यूटाइल टेप वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना लावा. खालची कड मी मोकळी ठेवतो. कधी पाणी शिरलंच तर त्याला बाहेर पडायला वाट हवी. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो सिलिकॉन इथे वापरू नका, त्यातून सुटणारं ॲसिड धातूला खातं.

ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे स्क्रू घालताना आणखी एक काळजी. दोन वेगळे धातू आणि ओल, विशेषतः खारी हवा, एकत्र आली की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडायला लागतं. स्क्रूच्या आट्यांना सीलंटचा किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणाऱ्या) ग्रीसचा हात द्या, डोक्याखाली नायलॉनची चकती घाला.

आता पेटी घाला, स्पिंडल घाला, दोन्ही हँडल लावा आणि स्क्रू हातानेच आवळा. ड्रिलने नको. दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा. प्रत्येक वेळी हँडल ओढून बघा. एका ठिकाणी हँडल अचानक जड वाटेल. तिथे दाराचं सँडविच चेपायला लागलेलं असतं आणि दोन्ही पट्ट्या मधल्या यंत्रणेला चिमटतात. त्या जागेवरून पाव फेरा मागे या. स्क्रू पुढे सैल होतील अशी भीती वाटत असेल तर आट्यांना हलकं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, पण जोर वाढवू नका.

८. दार लावण्याआधी

दार उघडंच ठेवून सगळं तपासायचं. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने जीभ आत दाबा, ती सोडल्यावर झटक्यात बाहेर आली पाहिजे. आतलं हँडल, बाहेरचं हँडल, किल्लीने बंद, किल्लीने उघडं, आतून बंद, आतून उघडं, असं प्रत्येक दहा वेळा. आतून उघडताना किल्ली लागता कामा नये. आग लागली तर हेच दार बाहेर पडायची वाट आहे.

दहाही वेळा बिनचूक झालं की मग एक माणूस आत, एक बाहेर, खिडकी उघडी, आणि दोन्ही किल्ल्या बाहेरच्याच्या खिशात. आता दार लावा.

एकट्याने काम करत असाल तर जिभेवर जाड टेप गुंडाळून पहिल्यांदा लावा, म्हणजे पूर्ण अडकणार नाही. मी एकदा हे केलं नाही. पाना हातात घेऊन खिडकीतून बाहेर पडलो, कंबरेपर्यंत सहज आणि त्यापुढे अजिबात सहज नाही.

९. किल्ली हरवली किंवा आत मोडली

कुलूप चांगलं असताना फक्त किल्ली हरवली, तर पूर्ण कुलूप बदलायची गरज सहसा नसते. किल्लीवर किंवा बॅरलवर क्रमांक असेल तर त्यावरून मूळ मापाची किल्ली कापून मिळते. झिजलेल्या किल्लीची नक्कल काढली तर झीजही नक्कल होते, म्हणून क्रमांक असताना नक्कल नको. गाडी घेतल्या दिवशीच सगळे क्रमांक वहीत लिहून ठेवा, आणि ती वही गाडीत ठेवू नका. किल्लीचा स्पष्ट फोटो इंटरनेटवर टाकू नका. दातांच्या फोटोवरून किल्ली बनवता येते.

किल्ली आत मोडली तर आधी कोरडं वंगण मारा. बॅरलची फट किल्ली घालायच्या सरळ स्थितीत आहे का ते बघा, नसेल तर बारीक स्क्रूड्रायव्हरने आणा. मग जिगसॉचं किंवा फ्रेटसॉचं बारीक पातं, दाते बाहेर ओढतील असे धरून, किल्लीच्या दातांच्या बाजूने सरकवा आणि हळू ओढा. तुकड्याला झटपट गोंद लावून काढायची युक्ती कुणीतरी सांगेलच. ऐकू नका, गोंद बॅरलमध्ये गेला की बॅरलही गेलं.

थंडीत कुलूप गोठलं तर किल्ली गरम करून घाला. गरम पाणी ओतू नका, तेच पाणी थोड्या वेळाने आत गोठतं.

१०. बाहेरच्या कप्प्यांची कुलपं

ही साधी कॅम लॉक असतात: बॅरल फिरलं की मागचा लोखंडी कान आडवा होतो. मागचं नट सोडलं की अख्खं बाहेर येतं. बदलताना बॅरलची लांबी, कानाची लांबी, कान सरळ आहे की वाकडा, आणि तो ९० अंश फिरतो की १८० हे बघा. भोकाला सपाट बाजू असते, त्यामुळे कुलूप गरगर फिरत नाही. ती सपाट बाजू झिजलेली असेल तर नवं कुलूपही फिरेल. तिथे मागून धातूची पट्टी लावावी लागते.

या कुलपांच्या भरवशावर मौल्यवान वस्तू ठेवू नका. अमेरिकन गाड्यांमध्ये सीएच ७५१ या एकाच क्रमांकाची किल्ली कित्येक कंपन्यांच्या सामानाच्या कप्प्यांना लागते, म्हणजे शेजारच्या गाडीची किल्ली तुमच्या कप्प्याला चालू शकते. तुमच्या किल्लीवर हा क्रमांक असेल तर कॅम लॉक बदलून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे.

गॅस सिलिंडरच्या कप्प्याला अवघड कुलूप लावू नका. गळती झाली तर तो चटकन उघडता यायला हवा. तिथली हवेची भोकं सीलंटने बुजवू नका.

११. आतल्या कपाटांचे कॅच

बटण दाबलं की बाहेर येतं आणि कपाट उघडतं, पुन्हा दाबलं की आत जाऊन बंद, असे पुश-लॉक बहुतेक गाड्यांत असतात. त्यांचं दुखणं एकच: आतला प्लास्टिकचा तुकडा तुटतो. दुरुस्ती करत बसू नका, बदला. फळीची जाडी मोजून त्याच जाडीचा घ्या.

स्क्रूच्या लांबीकडे मात्र नीट बघा. भिंतीला किंवा छताला लागून असलेल्या कपाटात पाच मि.मी. जास्त लांब स्क्रू घातला तर तो भिंतीतून जाऊन बाहेरच्या पत्र्याला फोड आणतो. फोड दिसला की समजा पाणी यायला वाट झाली.

१२. रस्त्यातच कुलूप मोडलं तर

दार बंद अवस्थेत अडकलं असेल तर आधी हँडलशी झटापट थांबवा. एकाने कुलपाच्या जागी तळव्याने दार आत दाबायचं, त्याच वेळी दुसऱ्याने हँडल सावकाश ओढायचं. जिभेवरचा दाब गेला की ती बहुधा सुटते. सुटली नाही तर दार दाबतानाच थोडं वर उचलून बघा. आत कुणी असेल तर आतल्या हँडलचे स्क्रू काढून नोज प्लायरने स्पिंडल फिरवता येते.

दार लागतच नसेल तर बाहेरून कडी-कोयंडा ठोकून वेळ मारून नेण्याचा विचार मनात येतो. प्रवासापुरतं ठीक, पण मुक्कामाला पोचल्यावर बाहेरून कडी लावता येणारं दार म्हणजे आतल्या माणसाला कोंडायची सोय. शिवाय पातळ पत्र्यातले स्क्रू एका हिसक्याने उपटतात, मागून पट्टी देऊन आरपार बोल्ट लागतात, आणि कडी काढल्यावर ती भोकं कायमची उरतात. त्यापेक्षा आतल्या हँडलपासून घट्ट बसवलेल्या सीटच्या चौकटीपर्यंत सामान बांधायचा पट्टा ताणा आणि खिडकीतून बाहेर या. मग ती खिडकी बाहेरून नीट लागते का ते बघा. लागत नसेल तर कुलूपवाल्याला तिथेच बोलवा.

नवं कुलूप बसवल्यावर पहिल्या शंभर कि.मी.नंतर थांबून सगळे स्क्रू एकदा हाताने तपासा, आणि जुन्या कुलपातली धड स्प्रिंग, स्क्रू आणि स्पिंडल एका डबीत घालून हत्यारांच्या पेटीत टाका.